आयर्न माउंटनचं आम्ल आणि चुकीचा आरोपी

‘खाणीतल्या आम्लपाण्याला कारणीभूत ठरणारा जिवाणू कोणता?’ हा दोन गुणांचा प्रश्न मी वर्षानुवर्षं पेपरात टाकत आलो. उत्तर ठरलेलं: थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. २००० साली त्याचं अ‍ॅसिडिथायोबॅसिलस असं बारसं झालं, तेव्हा मुलांना एवढंच बजावलं की आता नवं नाव लिहा. उत्तर तेच राहिलं.

प्रात्यक्षिकातही तोच. हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, पाण्यात विरघळवायची, थोडं गंधकाम्ल घालून सामू (पीएच) दोनच्या आसपास आणायचा, थोडं अमोनियम, थोडं फॉस्फेट, आणि वरून खाणीच्या पाण्याचे चार थेंब. चंबू तीस अंशांवर हलत्या टेबलावर ठेवला की तीन-चार दिवसांत फिकट पोपटी पाण्याला आधी चहाचा आणि मग काताचा रंग चढतो. शेजारच्या जंतुविरहित चंबूतलं पाणी पोपटीच राहतं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, कारण सूक्ष्मजीवशास्त्रात डोळ्यांना इतका उघड दिसणारा निकाल क्वचितच मिळतो. आवडला म्हणूनच कुणी विचारत नाही, की चंबूत जो वाढला तोच खाणीत काम करत असतो कशावरून?

हा प्रश्न ज्या एका जागी नेटाने विचारला गेला, तिचं हे प्रकरण.

डोंगर

उत्तर कॅलिफोर्नियात, रेडिंग शहराच्या वायव्येला सुमारे पंधरा किलोमीटरवर आयर्न माउंटन आहे. १८६० च्या दशकात तिथे लोखंडाच्या आशेने खोदायला सुरुवात झाली. पुढे चांदी, सोनं, तांबं, जस्त आणि शेवटी गंधकाम्लाच्या कारखान्यांसाठी नुसता पायराइट, असं जे जे विकलं जाईल ते ते काढत १९६३ पर्यंत खाणकाम चाललं. बोगदे, उभ्या विहिरी, पोकळ दालनं आणि माथ्यावर ब्रिक फ्लॅट नावाची उघडी खाण. डोंगर आतून पोखरून निघाला. मुख्य खाण रिचमंड. तिथल्या खनिजात ९५ टक्क्यांपर्यंत पायराइट आहे, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं ते सोनेरी, मूर्खांना सोनं वाटणारं संयुग. खाण बंद पडली तेव्हा ते लाखो टनांनी आतच राहिलं.

जोवर पायराइट खडकात गाडलेला होता तोवर हवेचा आणि त्याचा संबंध येत नव्हता. खाणकामाने दोन गोष्टी केल्या: खडक फोडून त्याचा पृष्ठभाग वाढवला, आणि बोगद्यांतून वारा खेळवला. पाऊस मुरतच होता. पायराइट, हवा, पाणी. एवढ्यावर गंधकाम्ल तयार होतं, आणि ते आम्ल वाटेतलं तांबं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक विरघळवून घेऊन बाहेर पडतं. रिचमंडच्या तोंडातून वाहणाऱ्या पाण्याचा सामू ०.५ ते १ च्या घरात असतो. लिंबाचा रस दोनच्या वर असतो, आणि सामूची पट्टी अशी की एक घर खाली उतरलं की आम्लता दहापट. फावडं त्या हिरव्या पाण्यात विसरलं तर दुसऱ्या दिवशी अर्धंच मिळतं, असं तिकडे सांगतात. सांगोवांगी असेलही, पण रसायनशास्त्राला त्यात अशक्य काही नाही. त्याच पाण्यात भंगार लोखंड टाकून तांबं उतरवून घ्यायचा धंदा तिथे बरीच वर्षं चालला होता: लोखंड विरघळतं, तांबं त्याच्या जागी बसतं.

हे सगळं उतरत जातं स्प्रिंग क्रीक नावाच्या ओढ्यातून सॅक्रामेंटो नदीत. ती सामन माशांची नदी. १९६३ साली ओढ्यावर एक छोटं धरण बांधलं. कल्पना साधी होती: आम्लपाणी तिथे अडवायचं आणि वरच्या मोठ्या शास्ता धरणातून स्वच्छ पाण्याचं आवर्तन सुटेल त्याच्या जोडीने थोडं थोडं सोडायचं, म्हणजे ते पातळ होऊन जाईल. कागदावर छान. पण तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि जोराच्या पावसात नेमकं उलटं होतं. पुराच्या भीतीने शास्ताचे दरवाजे बंद असतात, आणि छोटं धरण मात्र भरून वाहू लागतं. स्वच्छ पाणी अडलेलं, विषारी पाणी मोकळं. १९६७ साली एका आठवड्यात किमान ४७ हजार ट्राउट मेले. हिवाळ्यात वर चढणाऱ्या चिनूक सामनची जात १९८९ साली ‘धोक्यात’ आणि १९९४ साली ‘नष्ट होण्याच्या मार्गावर’ म्हणून नोंदली गेली. तिच्या वाताहतीला धरणं आणि तापलेलं पाणीही जबाबदार आहे, पण या डोंगराचा वाटा मोठा होता. १९८३ मध्ये ही जागा अमेरिकेच्या सर्वांत प्रदूषित स्थळांच्या ‘सुपरफंड’ यादीत गेली.

आरोपपत्र

आता जिवाणूंकडे. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल यांनी कोळशाच्या खाणींतलं आम्लपाणी तपासलं. पाण्यात जंतू असले की विरघळलेलं लोखंड झपाट्याने गंजाच्या रूपात जातं, जंतू काढून टाकले की तसंच राहतं, असं त्यांना दिसलं. माझ्या दोन चंबूंचा प्रयोग म्हणजे त्याचाच नातू. काही वर्षांतच त्यातून थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स वेगळा काढला गेला.

त्याचा गुन्हा नेमका काय, हे १९७० साली सिंगर आणि स्टम यांनी नीट मांडलं. ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पायराइटवर हवेतला ऑक्सिजन थेट हल्ला करतो, पण सावकाश. खरा हल्लेखोर आहे फेरिक लोखंड, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेलं, तीन धनभारांचं. फेरिकचे चौदा अणू पायराइटच्या एका घटकाला फोडतात आणि त्या झटापटीत स्वतः इलेक्ट्रॉन घेऊन फेरस होऊन बसतात, म्हणजे दोन धनभारांचे, निरुपद्रवी. शिवाय पायराइटमधलं लोखंडही फेरस म्हणूनच बाहेर येतं. आम्ल तयार होतं ते याच पायरीवर, आणि दर वेळी सोळा हायड्रोजन आयन सुटतात. पण आता फेरिक संपला. पुढचा हल्ला करायचा तर कुणीतरी फेरसला पुन्हा फेरिक करून दिला पाहिजे. उदासीन पाण्यात हे काम हवा मिनिटांत करते. ओल्या खिळ्याला गंज चढतो तो असाच. सामू तीनच्या खाली गेला की मात्र हीच क्रिया इतकी मंदावते की अर्धं लोखंड बदलायला हजार दिवसांच्या घरात वेळ लागतो. म्हणजे डोंगराने स्वतःच्याच आम्लाने स्वतःचा गळा आवळायला हवा. तसं होत नाही, कारण तिथे जिवाणू आहेत. ते फेरसचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतात, त्याच्यावर पोट भरतात आणि उरलेला फेरिक पाण्यात सोडतात. सिंगर आणि स्टम यांच्या हिशेबाने वेग दहा लाख पटींहून जास्त वाढतो.

जिवाणू पायराइट खात नाहीत, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ते बोथट झालेल्या कोयत्याला धार लावून देणारे आहेत. तोडणी फेरिक करतो.

आणि या धारेवर त्यांचं पोट फार जेमतेम भरतं. एका इलेक्ट्रॉनमागे मिळणारी ऊर्जा इतकी थोडी, की एक ग्रॅम सुक्या पेशी वाढवायला दीडशे ग्रॅमच्या वर लोखंड उलटंपालटं करावं लागतं. मूठभर जीव डोंगर विरघळवतात ते या दारिद्र्यापायी. साखरेवर जगत असते तर इतकं नुकसान केलं नसतं.

गुन्हा पक्का झाला. पकडलेला एकच होता, तोच आरोपी ठरला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत त्याचंच नाव छापलं गेलं.

आत काय दिसलं

१९९० च्या सुमारास रिचमंडचा बोगदा डागडुजी करून पुन्हा आत जाण्याजोगा झाला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॅरेल नॉर्डस्ट्रॉम आणि चार्ल्स आल्पर्स आत गेले. पायराइट विरघळताना उष्णता सुटते, आणि ती कोंडून राहते. आतलं पाणी ४७ अंशांपर्यंत तापलेलं. छतातून लवणस्तंभ लोंबत होते, चुन्याचे नाहीत, हिराकशीचे. आपल्याकडे लोहाराच्या आणि रंगाऱ्याच्या दुकानात मिळायची तीच हिरवट-निळी हिराकस, इथे तांब्या-जस्ताने बाटलेली, हाताएवढ्या लोलकांच्या रूपात. त्यांच्या टोकांवरून ठिबकणारे थेंब त्यांनी गोळा केले.

ते मोजायचे कसे, हाच पेच. आपल्या प्रयोगशाळांत सामूमापक ४, ७ आणि ९.२ च्या बफर गोळ्यांवर जुळवून घेतात. त्याच्या खाली थोडं गेलं तरी चालतं, पण शून्याच्या खाली त्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. या मंडळींनी ठरावीक तीव्रतेच्या गंधकाम्लाचीच मापं बनवली, आयनांच्या दाटीचा हिशेब स्वतंत्र सूत्रांनी केला, आणि २००० साली आकडा छापला: उणे ३.६. विरघळलेले धातू लिटरला २०० ग्रॅमपर्यंत, सल्फेट ७६० ग्रॅमपर्यंत. याला पाणी म्हणणं ही सवय झाली. तो धातूचा पाक आहे. पाक होतो तो आटून. उष्णतेने पाण्याची वाफ होते, आम्ल मागे उरतं.

त्या पाकात कुणी जगत असल्याचं आढळलेलं नाही. जिवंत पेशींची वाढ शून्याच्या आसपास थांबते. पण त्याच बोगद्यांत, ०.३ ते १ सामूच्या, चाळीस-पंचेचाळीस अंश तापलेल्या डबक्यांवर साय धरलेली होती. दुधावर धरते तशी, गुलाबी, काही ठिकाणी जाड. वाहत्या पाण्यात तिचे लांब चिकट धागे होऊन लोंबत होते.

आरोपी जागेवर नव्हता

भूवैज्ञानिक जिल बॅनफिल्ड यांच्या गटाने हे धागे आणि ही साय वेगळ्या पद्धतीने तपासली. चंबूत वाढवायच्या भानगडीत न पडता, नमुना खाणीतून आणून तसाच पक्का केला आणि त्यावर चकाकणारे प्रोब सोडले. प्रोब म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा. तो ठरावीक जातीच्याच पेशीतल्या आरएनएला चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमकतो. हजेरी घेण्यासारखंच. नाव पुकारायचं आणि कोण हात वर करतो ते बघायचं.

१९९८ साली मॅथ्यू श्रेंक, कॅटरिना एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स खाणीत होता, पण कडेला. जिथे सामू १.३ च्या वर आणि तापमान तीस अंशांच्या खाली, तिथल्या शेवाळकट बुळबुळीत थरांत. जिथे खरोखर आम्ल तयार होतं, सामू ०.३ ते ०.७ आणि तापमान ३० ते ५०, तिथे त्याचं नाव पुकारलं तर कुणी हात वर करेना. तिथे लेप्टोस्पिरिलम होता: बारीक, वेलांटीसारखा वळलेला, लोखंडाशिवाय दुसरं काही न खाणारा.

मी हा निबंध वाचला तेव्हा प्रात्यक्षिकाच्या वहीतले आकडे आठवून ओशाळलो. तीस अंश, सामू दोन. आम्ही दर वर्षी चंबूत खाणीची कडच तयार करत होतो, आणि कडेला राहणारा वाढला की म्हणत होतो, हा बघा खाणीचा राजा.

लेप्टोस्पिरिलम काही नवखा नव्हता. १९७२ मध्येच आर्मेनियातल्या तांब्याच्या खाणीतून त्याचं वर्णन झालं होतं. तो मागे का राहिला याची कारणं प्रयोगशाळेत आहेत. एक म्हणजे चंबूचा ताजा पोपटी द्राव, ज्यात सगळं लोखंड फेरस आणि फेरिक जवळजवळ शून्य. अशा पंगतीत फेरोऑक्सिडन्स भराभर जेवतो आणि इतरांच्या आधी चंबू भरून टाकतो. पण फेरिक साठू लागला की त्याचाच घास त्याला लागतो, तो मंदावतो. लेप्टोस्पिरिलम सावकाश वाढतो, पण फेरिकच्या गर्दीत उरलासुरला फेरस टिपून घेण्यात पटाईत. जुन्या, मुरलेल्या खाणीत फेरिकची गर्दीच असते. दुसरं कारण अगरच्या थाळीचं, म्हणजे ज्या जेलीवर प्रयोगशाळेत जंतू वाढवतात तिचं. तीव्र आम्लात अगर थोडा फुटतो, त्यातून साखरा सुटतात आणि या जीवांना त्या बाधतात. थाळीवर कोण उगवलं यावरून खाणीत कोण आहे हे ठरवणं म्हणजे हॉटेलात कोण जेवायला आलं यावरून गावाची जनगणना करण्यासारखं.

हाच शोध दुसऱ्या वाटेने उद्योगालाही लागत होता. आर्सेनिकयुक्त खनिजात अडकलेलं सोनं मोकळं करायला दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून हेच जीव चाळीस अंशांच्या टाक्यांत पाळले जातात. टाक्या सुरू करताना फेरोऑक्सिडन्सचा गाजावाजा होता. नंतर तपासलं तर त्यांत लेप्टोस्पिरिलमचंच राज्य. डेव्हिड रॉलिंग्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये फेरिक-फेरस प्रमाणाचं वरचं कारण नीट मांडलं ते या टाक्यांवरूनच.

सायीत राहणारे

२००० साली त्याच खाणीतून आणखी एक रहिवासी पुढे आला, आणि तो जिवाणूही नव्हता, आर्किया होता, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्याच कुळातला एकपेशीय जीव. काही धाग्यांत वस्तीचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग त्याचाच. त्याला पेशीभित्तीच नाही. सामू शून्यावर, विरघळलेल्या धातूंत, नुसत्या एका पातळ पटलाच्या आत राहतो. नाव ठेवलं फेरोप्लाझ्मा अ‍ॅसिडआर्मानस. त्यातला ‘आर्मान’ हा खाणीच्या मालकाच्या आडनावावरून, आर्मन, ज्यांनी शास्त्रज्ञांना आत जाऊ दिलं. प्रदूषणासाठी सरकारशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडणाऱ्या माणसाचं नाव आम्ल करणाऱ्या जीवाला मिळालं. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

हे जगतात कसे? बाहेर सामू एक, आत पाच-सहाच्या पुढे. म्हणजे पटलाच्या दोन बाजूंत हायड्रोजन आयनांचा फरक लाखपटीच्या घरात. नदीत उलटी बुडवलेली घागर कल्पा: पाणी आत घुसायला टपलेलं आहे, आणि घागर पक्की हवी. फेरोप्लाझ्माच्या पटलातली चरबी दोन थरांची नसते. एकच लांब रेणू आरपार जातो, दोन्ही टोकांना घट्ट, आणि जोड साध्या चरबीसारखे आम्लात तुटत नाहीत. वर पेशीच्या आत किंचित धनभार राखलेला असतो. सम भार एकमेकांना लोटतात, त्यामुळे हायड्रोजन आयन अडतो आणि तांबं-जस्तासारखे धनभारी धातूही दाराशी अडतात. यातलं सगळ्यात सुंदर मला वाटतं ते पुढचं. जे हायड्रोजन आयन आत येतात ते ऊर्जा बनवणाऱ्या चक्रातून, पाणचक्कीतून पाणी उतरावं तसे येतात. उतार फुकट मिळालेला आहे. पण आत साठले तर मरण. लोखंडाकडून घेतलेला इलेक्ट्रॉन इथे कामी येतो. ऑक्सिजन, इलेक्ट्रॉन आणि आत आलेला हायड्रोजन यांचं पाणी करून टाकायचं. म्हणजे लोखंड हे अन्न कमी आणि घरात शिरलेलं पाणी उपसायची बादली जास्त.

धातू आत शिरलाच तर त्याला बाहेर फेकणारे पंप असतात, तांब्याचा वेगळा, आर्सेनिकचा वेगळा. फेरोप्लाझ्मा लिटरला दहा ग्रॅम आर्सेनेटमध्येही वाढलेला आहे. पण लिटरला दहा ग्रॅम विष पचवणारा हा पैलवान व्हिनेगरने मरतो. अ‍ॅसेटिक आम्ल कमी सामूला भारहीन असतं, भारावर पहारा ठेवणाऱ्या पटलाला ते दिसतच नाही. आत, कमी आम्लाच्या जागेत गेलं की ते फुटतं आणि हायड्रोजन आयन तिथेच सोडून देतं. किल्ला शाबूत, दारूगोळा आत.

यावरून कुणी विचारेल, मग मारून का टाकत नाहीत? कोळशाच्या कचऱ्याच्या ढिगांवर अमेरिकेत हे केलंही गेलं. शाम्पूत आणि टूथपेस्टमध्ये फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट फवारलं की फेरोऑक्सिडन्सचं बाहेरचं आवरण गळकं होतं आणि आम्ल आत शिरतं. ढिगावर काही महिने फरक पडतो, मग पुन्हा फवारा. पण पोखरलेल्या डोंगराच्या भेगाभेगांत फवारणार कसं? आणि आरोपी बदलल्यावर औषधही त्याच्यावर चाललं पाहिजे.

२००४ साली बॅनफिल्ड आणि जीन टायसन यांच्या गटाने रिचमंडच्या आत, पाच बोगदे एकत्र येतात त्या ‘फाइव्ह-वे’ नावाच्या जागेवरची गुलाबी साय उचलली. सामू ०.८३, तापमान ४२. तिच्यातला सगळा डीएनए एकत्रच वाचला, ७.६ कोटी अक्षरं, आणि त्यातून वेगवेगळ्या जीवांचे जनुकसंच जुळवले. मिसळलेल्या पाच कोड्यांचे तुकडे एका पिशवीतून काढून पाच चित्रं लावावीत, तसं. दोन जवळजवळ पूर्ण लागली. निसर्गातल्या नमुन्यातून, काहीही न वाढवता, असं करता येतं हे पहिल्यांदा इथे दिसलं. आज समुद्र, माती, आतडी यांवर जे काम चालतं त्याची एक पायवाट या डबक्यावरून जाते. जमलं ते वस्ती इतकी तुटपुंजी होती म्हणून. मातीच्या चिमटीत हजारो जाती असतात, इथे मोजक्याच.

त्या वाचनातली मला आवडलेली गोष्ट छोटी आहे. हवेतला नायट्रोजन स्थिर करायची जनुकं संख्येने मोठ्या असलेल्या लेप्टोस्पिरिलमच्या गटात मिळाली नाहीत. ती सापडली सायीत दहा टक्क्यांच्या आसपास असलेल्या दुसऱ्याच गटात. वस्तीला खत पुरवणारा हा एकटाच असावा. मग त्यांनी नायट्रोजन नसलेल्या द्रावात नमुना टाकला. ज्याला स्वतःचं खत करता येतं तोच उरणार. उरला तो लेप्टोस्पिरिलम फेरोडायझोट्रॉफम, २००५. आधी जनुकं वाचली आणि त्यांनी सांगितलेल्या आहारावर जीव वाढवला. चंबूचं काम संपलं नव्हतं. त्याला फक्त कुणीतरी विचारून भरायला हवं होतं.

आवळून धरता येत नाही

खाणीचं काय करायचं, यात हे ज्ञान कुठे उपयोगी पडलं? एका ठिकाणी नक्की. बोगद्यांची तोंडं काँक्रीटने बुजवून डोंगर पाण्याने भरू द्यावा, असा एक उपाय विचारात होता. पाण्याखाली हवा नाही, हवा नाही म्हणजे आम्ल नाही. ऐकायला बिनतोड. पण आतल्या भिंती वर्षानुवर्षांच्या हिराकशीने आणि तिच्या पिवळ्या-जांभळ्या भावंडांनी मढलेल्या होत्या, म्हणजे साठवून ठेवलेलं आम्ल. पाणी चढलं की ते आधी विरघळणार. नॉर्डस्ट्रॉम आणि आल्पर्स यांनी १९९९ मध्ये हिशेब मांडला: डोंगराच्या पोटात सुमारे सहा लाख घनमीटरचं तळं तयार झालं असतं, सामू एक किंवा त्याहून कमी, आणि ते कुठल्या भेगेतून कुठे फुटेल याचा नेम नाही. शिवाय फेरिक आत असेपर्यंत पायराइट फोडायला त्याला हवा लागतच नाही. त्याच निबंधात त्यांनी आणखी एक आकडा दिला. सध्याच्या वेगाने डोंगरातला पायराइट संपायला सुमारे तीन हजार वर्षं लागतील.

म्हणून आज तिथे जे चालतं ते अगदीच गद्य आहे. खाणीचं पाणी आम्लाला न गळणाऱ्या नळांतून प्रक्रिया केंद्रात आणतात, चुना कालवतात, सामू वाढला की धातू गाळ होऊन बसतात, गाळ वाळवून माथ्यावरच्या ब्रिक फ्लॅटच्या खड्ड्यात भरतात. केंद्र १९९४ पासून चालू आहे. पूर्वी रोज सुमारे टनभर तांबं-जस्त नदीत जायचं, त्यातलं बहुतेक सगळं आता थांबलं आहे. सरकार आणि प्रदूषणाला जबाबदार धरलेली कंपनी यांच्यात २००० साली झालेल्या समझोत्याची किंमत काळाच्या ओघात एक अब्ज डॉलरच्या घरात जाते असं सांगितलं गेलं, आणि त्यातला ५१.४ कोटींचा एक हप्ता २०३० साली सरकारला मिळायचा आहे. तीन हजार वर्षांच्या चुन्याची ही सोय म्हणून पुरेशी आहे का, हा हिशेब वाचकांनी करावा. मला तो जुळत नाही.

आपल्याकडे असं कुठे आहे, असं मुलं विचारतात. गोव्याच्या खाणींकडे बोट जातं, पण तिथलं लोखंड हेमॅटाइटचं, म्हणजे आधीच गंजलेलं. तिथे गाळ आहे, लाल पाणी आहे, भातशेतीचं नुकसान आहे. हे आम्ल नाही, कारण विकायला पायराइटचा इलेक्ट्रॉनच शिल्लक नाही. मेघालयात जैंतिया टेकड्यांवरच्या कोळशात मात्र गंधक भरपूर आहे. तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली बंदी घातली, पण सोडून दिलेल्या बिळांतून आम्लपाणी येतच राहिलं, कारण धार लावणाऱ्यांना लवादाची नोटीस पोचत नाही.

यंदा मी प्रश्न बदलला. ‘सामू ०.८, तापमान ४२, द्रावात फेरिक भरपूर. लोखंडावर जगणारा कोणता जिवाणू इथे सापडेल, आणि का?’ पाच गुण. त्रेसष्ट उत्तरपत्रिका तपासल्या. एकतीस जणांनी लिहिलं: अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. त्यातल्या दोघांनी कारणही दिलं होतं: ‘कारण प्रात्यक्षिकात तोच आला.’ त्या दोघांना मी अर्धा-अर्धा गुण दिला.